भाव ठरतो दावणीला, कापला जातो नाक्यावर

प्रति,
पशुसंवर्धन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
पणन संचालक, महाराष्ट्र राज्य
आणि जनावरांचे बाजार भरवणाऱ्या सर्व कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे सभापती व सचिव

विषय: जनावरांच्या भावाची नोंद आणि परराज्यात जाणाऱ्या जनावरांचे कागद

महोदय,

सांगोल्याच्या बाजारात खिल्लार बैलजोडीचा सौदा पटायला आला की दोघांच्या हातांवर उपरणं पडतं. आत बोटं धरली जातात, तोंडानं फक्त 'हे हजार' एवढंच निघतं आणि आकडा त्या दोघांतच राहतो. पुढच्याच खुंटीला ज्याची जोडी बांधलेली आहे, त्या शेतकऱ्यालाही तो कळत नाही. घेणारा विजयपूर किंवा कलबुर्गीकडचा असेल, तर बोट धरण्याआधीच त्यानं मनाशी तीन वजावटी केलेल्या असतात: गाडीभाडं, वाटेत गाडी अडली तर वाया जाणारे दिवस, आणि कागद अपुरा निघाला तर जनावर हातचं जाण्याची धास्ती. भाड्याचा हिशेब सगळ्यांना माहीत असतो. बाकीच्या दोन वजावटी कुठेच लिहिल्या जात नाहीत, आणि त्या विकणाऱ्याच्या पदरातून जातात.

या दोन वजावटी कमी करता येतात आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. बाजारातली पावती आणि रस्त्यावरचा कागद या दोन गोष्टी आज वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माहितीवर तयार होतात. त्या एकाच टेबलावर, एकाच सकाळी, कानातल्या बिल्ल्याच्या एकाच क्रमांकावर तयार व्हाव्यात, हीच आमची मागणी आहे. ती का करतो आहोत ते सविस्तर लिहितो.

आधी भावाच्या नोंदीबद्दल. बाजार समित्या रोजचे दर कळवतात आणि ते किमान, कमाल व सर्वसाधारण अशा तीन रकान्यांत छापले जातात. कांदा आणि सोयाबीनसाठी ही पद्धत चालते, कारण क्विंटल हा क्विंटलच असतो. 'बैल' या एका शब्दाखाली मात्र आदत (अजून दुधाचेच दात असलेलं) खोंड, जुळलेला (सगळे दात आलेला) कामाचा बैल, शर्यतीचा बैल आणि खूर झिजलेला म्हातारा बैल हे सगळे एकाच ओळीत येतात. त्यांची सरासरी काढली तर जो आकडा येतो, त्या किमतीचं जनावर बाजारात एकही नसतं. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं ती कायम केली. तेव्हापासून पळणाऱ्या खिल्लार खोंडांची मागणी वेगळ्याच पातळीवर गेली आहे. अशी चार खोंडं विकली गेली की कमाल दर उसळतो. ती बातमी वाचून औताची जोडी घेऊन आलेला शेतकरी संध्याकाळपर्यंत अडून बसतो, शेवटी सकाळच्या भावापेक्षा कमी घेऊन परततो किंवा जोडी परत नेण्याचं भाडं भरतो.

जनावराचा भाव कशावर ठरतो हे बाजारातल्या प्रत्येक हेड्याला, म्हणजे जनावरांच्या दलालाला, पाठ आहे. नोंदवहीला तेवढं माहीत नाही.

पहिली गोष्ट दात. दुधाचे सगळे दात असलेलं ते आदत. दोन कायमचे दात आले की जनावर साधारण अडीच वर्षांचं, चार दाती साडेतीनच्या आसपास, सहा दाती चार ते साडेचार आणि आठ दाती म्हणजे जुळलेलं, पाचच्या पुढचं. जात आणि खाणं यांप्रमाणे सहा महिने मागेपुढे होतात. जुळल्यानंतर वय दातांच्या झिजेवरून काढावं लागतं आणि खरी फसवाफसवी तिथेच होते. कानशीनं दात घासून झीज लपवतात, शिंगांवरची वलयं तासून गुळगुळीत करतात आणि वर तेल चोळतात. गाईच्या शिंगांवरची वलयं मोजून तिची वेतं ओळखण्याची जुनी रीत त्यामुळे निरुपयोगी झाली आहे. नोंद करणाऱ्यानं जबडा उघडून दात मोजायला अर्धा मिनिट लागतो. 'वय: अंदाजे 5' असं लिहिण्याऐवजी 'सहा दाती' असं लिहिलं, तर पुढच्या नाक्यावरही ते पडताळता येतं.

दुभत्या जनावरात कितवं वेत, व्यायला किती दिवस झाले आणि दोन वेळचं मिळून दूध किती, या तीन गोष्टींशिवाय भाव म्हणजे अंधारात मारलेला खडा. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी धार न काढता कास तुंबवतात. सकाळी ती भरलेली दिसते आणि आठ लिटरची म्हैस बारा लिटरची म्हणून खपते. तुंबलेल्या कासेला पुढे दगडी (कासेची सूज) होण्याचा धोका असतो, तो घेणाऱ्याच्या माथी. जाणता माणूस लागोपाठ तीन धारा पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही: संध्याकाळ, सकाळ आणि पुन्हा संध्याकाळ. यासाठी बाजारात रात्रीची दावण, पाणी आणि दिवे हवेत. घोडेगावसारख्या दुभत्या जनावरांच्या मोठ्या बाजारांत ही सोय झाली, तर मेहसाणा किंवा हरियाणाकडून आलेल्या म्हशींचे निम्मे वाद बाजारातच मिटतील.

मग वजन. सगळ्याच जनावरांना ते लागतं असं नाही. औताच्या बैलाला चाल, खूर, खांदा आणि जोडीदाराशी जुळणारी उंची जास्त महत्त्वाची. म्हशी, रेडे आणि भाकड जनावरांचा भाव मात्र शेवटी अंगावर ठरतो आणि तो नुसत्या नजरेनं ठरवण्यात अनुभवी व्यापारी नवख्या शेतकऱ्याला नेहमी मागे टाकतो. प्रत्येक बाजारात वजनकाटा लगेच बसणार नाही हे आम्हाला कळतं. पण मोजपट्टी आजच मिळते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही इंचांत. घेराला घेरानं गुणायचं, मग लांबीनं गुणायचं आणि 660 नं भागायचं; उत्तर किलोत येतं. घेर 65 इंच आणि लांबी 55 इंच असेल तर 352 किलो. जनावर चारही पायांवर सरळ उभं हवं आणि मान खाली घातलेली नको, नाहीतर घेर दोन इंचांनी चुकतो. घेराचा वर्ग होत असल्यामुळे त्या दोन इंचांचे वीस-बावीस किलो होतात. गाभण जनावराला हे सूत्र लावू नये.

काटा बसवला तरी एक नियम करावा लागेल: वजन कधी केलं त्याची वेळ पावतीवर लिहिणे. पाणी पाजून, पेंड चारून आणलेलं जनावर काट्यावर तीस-चाळीस किलो जास्त भरू शकतं. उलट रात्रभर गाडीत उभं राहून आलेल्या जनावराचं वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरलेलं असतं. त्यातला मोठा भाग पोटातलं पाणी आणि शेण असतो, पुढे मात्र अंगही उतरू लागतं. लांबून आलेल्या व्यापाऱ्याचा माल याच कारणानं स्वस्त दिसतो आणि स्थानिक शेतकऱ्याला वाटतं की परराज्यातल्या मालानं भाव पाडला. काही वेळा तसं होतंही. पण वेळ आणि प्रवास नोंदवल्याशिवाय खरं काय ते कुणीच सांगू शकणार नाही.

आता पावती. बहुतेक ठिकाणच्या पावतीवर आजही 'जात, रंग, शिंगे, वय, किंमत' एवढेच रकाने आहेत. 'रंग पांढरा, शिंगे उभी' हे वर्णन खिल्लार बाजारातल्या अर्ध्या जनावरांना लागू पडतं. ती पावती रस्त्यावर दाखवली तर गाडीत चढलेलं जनावर तेच आहे हे कशावरून ठरणार? किंमतही खरी नसते. जिथे बाजार फी किमतीच्या टक्क्यांवर घेतली जाते, तिथे देणारा आणि घेणारा दोघंही आकडा खाली लिहून घेतात. शे-दोनशे रुपये वाचतात. पण पुढे विम्याचा दावा, अपघाताची भरपाई किंवा पोलिसात चोरीची तक्रार करताना तीच पावती पुरावा म्हणून पुढे येते आणि साठ हजारांची गाय कागदावर पंचवीसची निघते. शिवाय समितीकडून जाणारे दर याच खोट्या पावत्यांवर बेतलेले असतात. आमचं स्पष्ट मत आहे की जनावरांवरची बाजार फी किमतीवर न घेता जनावरामागे ठोक घ्यावी, जुन्या शिंगोटीसारखी. समितीचं उत्पन्न तेवढंच ठेवून दर बसवता येईल आणि खोटं लिहिण्याचं कारणच उरणार नाही.

सीमेचा प्रश्न याहून नाजूक आहे. महाराष्ट्राला सहा राज्यांची सीमा लागते: गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक आणि गोवा. राज्यघटनेत पशुधनाचं जतन आणि जनावरांचे रोग हा राज्य सूचीतला 15 वा विषय, बाजार आणि जत्रा हा 28 वा. आंतरराज्य व्यापार केंद्राच्या सूचीत 42 व्या क्रमांकावर, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणं आणि प्राण्यांवरील क्रूरता रोखणं हे दोन्ही समवर्ती सूचीत. म्हणजे देवणी जातीच्या बैलांची जोडी उदगीरहून बिदरला गेली तर त्या साठ-सत्तर किलोमीटरांत तिच्यावर चार प्रकारचे नियम लागू होतात आणि ते सगळे एका कागदावर कुठेच नाहीत.

आपल्याकडे 1976 च्या प्राणी संरक्षण कायद्यातली दुरुस्ती 2015 पासून अमलात आहे. गाय, वळू आणि बैल कत्तलीसाठी राज्याबाहेर नेण्याला तिनं बंदी केली. शेतीकाम, दूध आणि पैदास यांसाठी नेण्याला बंदी नाही. कर्नाटकात 2020 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात वाहतुकीसाठी वेगळी परवानगी लागते. मध्य प्रदेश आणि गुजरातचे कायदे आणखी वेगळे. कायदा कसा असावा हा या पत्राचा विषय नाही. आमचं म्हणणं इतकंच की औतासाठी जोडी नेणाऱ्या शेतकऱ्याला आपला हेतू सिद्ध करणारा एक ठरलेला, दोन्ही बाजूंना मान्य असलेला कागद मिळत नाही. खरेदीदाराच्या सातबाऱ्याचा किंवा त्याच्या राज्यातल्या जमिनीच्या उताऱ्याचा क्रमांक, दूध संस्थेचा सभासद क्रमांक आणि जनावराचा बिल्ला क्रमांक एकत्र लिहिलेला दाखला बाजार समितीनं द्यावा. तो दोन भाषांत छापावा. कन्नडमध्ये मजकूर असलेला अर्धा पान कागद जतच्या पुढे कर्नाटकात किती उपयोगी पडतो, हे गाडीवाल्यांना विचारा.

गाडी कोणी तपासावी यावरही स्पष्ट बोलायला हवं. तो अधिकार पोलीस, परिवहन आणि पशुसंवर्धन खात्याच्या अधिकाऱ्यांचा आहे. इतर कुणी रस्त्यात गाडी अडवत असेल, तर कागद कितीही पक्का असला तरी तो वाचतोच कोण? अशा अडवणुकीला कंटाळून 2025 च्या पावसाळ्यात व्यापाऱ्यांनी राज्यातल्या अनेक बाजारांत खरेदी थांबवली. ज्या म्हशींच्या व्यापाराला कायद्याची आडकाठी नाही, त्यांनाही तेव्हा गिऱ्हाईक उरलं नाही. भाकड जनावर दावणीला ठेवून त्याचा चारा भरण्याचा भार त्या काळात थेट पशुपालकावर पडला.

गाडीच्या मापाचा हिशेब सर्वात कमी बोलला जातो, म्हणून तो नीट मांडतो. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे एका मालवाहू ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं चालत नाहीत. खाली न घसरणारा थर हवा, सोबत माणूस हवा, प्रथमोपचाराचं सामान हवं, आणि जनावर प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा. मोटार वाहन नियमांत 2015 साली भर पडली. तिच्याप्रमाणे गाय-म्हशीला प्रत्येकी 2 चौरस मीटर जागा आणि कायम बसवलेली विभाजनं असलेली गाडी लागते. सतरा फुटी, साडेसहा फूट रुंद हौद्याचं क्षेत्रफळ साधारण 10.3 चौरस मीटर होतं. म्हणजे पाचच जनावरं. नऊ फुटी पिकअपमध्ये दोन.

समजा सतरा फुटी गाडीचं भाडं 20,000 रुपये आहे. पाच जनावरांत ते प्रत्येकी 4,000 पडतं, दहा कोंबली तर 2,000. हा 2,000 चा फरक सरळ भावात उतरतो: नियम पाळणारा व्यापारी दावणीला कमी बोली लावतो आणि नियम मोडणारा सौदा जिंकतो. मग त्याची गाडी धरली जाते, बातमी होते आणि पुढच्या आठवड्यात प्रामाणिक माणसाचीही गाडी चार तास उभी राहते. नियम जनावराच्या भल्याचा आहे आणि तो शिथिल करा असं आम्ही कधीही म्हणणार नाही. दाटीवाटीनं भरलेल्या गाडीत एक जनावर खाली बसलं की दुसरी त्याच्यावर चढतात आणि ते पुन्हा उठत नाही. पण नियमात बसणारी गाडी भाड्यानं मिळाली पाहिजे. विभाजनं बसवलेल्या गाड्या तालुक्यात शोधून सापडत नाहीत. बाजार समित्यांनी किंवा दूध संघांनी अशा दोन-दोन गाड्या ठेवल्या आणि परतीच्या खेपेला माल जोडून दिला, तर भाड्यातली ही तफावत बरीच खाली येईल.

पशुवैद्यकाच्या दाखल्याची अडचण साधी आहे, वेळेची. बाजार उजाडायला सुरू होतो. चांगले सौदे नऊ-साडेनऊपर्यंत उरकतात आणि गाड्या उन्हाच्या आधी निघायला हव्यात. दाखला देणारे डॉक्टर त्यानंतर येतात, किंवा दाखला तालुक्याच्या दवाखान्यातून आणावा लागतो. एक डॉक्टर एका सकाळी शंभर जनावरं नीट तपासू शकत नाही, त्यामुळे न पाहताच सही होते, आणि न पाहता दिलेला दाखला नाक्यावर कुणी मानत नाही. बाजाराच्या दिवशी पहाटे सहापासून फाटकाजवळ टेबल लावा. तापमान, नाकातोंडाचा स्राव, खुरांमधली जखम, अंगावरच्या गाठी आणि कास एवढं पाहायला सरावलेल्या हाताला एका जनावरामागे तीन-चार मिनिटं लागतात. मोठ्या बाजारांना तीन डॉक्टर लागतील, लहानांना एक पुरेल.

याच टेबलावर बिल्ल्याचं कामही झालं पाहिजे. 1 जून 2024 पासून बारा अंकी बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करू नये असा राज्याचा आदेश आहे आणि तो योग्य आहे. पण बिल्ला मारला की काम संपलं असं समजलं जातं. विक्रीनंतर भारत पशुधन प्रणालीत, म्हणजे बिल्ल्यांच्या सरकारी संगणकीय नोंदीत, मालकाचं नाव बदलत नाही, कारण ती नोंद करणारा माणूस बाजारात नसतो. मग सीमेवर क्रमांक टाकला की जुन्याच मालकाचं नाव दिसतं, चालकाकडच्या पावतीवर दुसरंच, आणि संशयाला जागा होते. बिल्ला कानाच्या कडेला मारला तर दाव्यात किंवा गव्हाणीत अडकून कान फाटतो आणि बिल्ला पडतो. कानाच्या मधोमध, दोन शिरांच्या मधल्या मऊ जागेत मारलेला बिल्ला वर्षानुवर्षं टिकतो. पडलेल्या बिल्ल्याच्या जागी नवा मारला की जुना क्रमांक त्याला जोडावा लागतो. तो जोडला नाही तर लसीकरणाचा सगळा इतिहास पुसला जातो.

लसीबद्दल एक कळकळीची विनंती. बाजाराच्या फाटकावर लस टोचून जनावर आत सोडू नका. लाळ्या खुरकूत असो की लम्पी, लसीनंतर अंगात पुरेसं बळ यायला सुमारे तीन आठवडे लागतात. त्या दिवशी टोचलेलं जनावर कागदावर सुरक्षित दिसतं आणि प्रत्यक्षात नसतं. उलट ताप आलेलं, शिणलेलं जनावर गर्दीत उभं राहतं. दाखल्यावर लसीची तारीख हवी आणि ती निदान 21 दिवस आधीची हवी. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसली, सप्टेंबरात राज्यभरचे बाजार बंद झाले. बंद करणं तेव्हा गरजेचं होतं, यात आमच्या मनात शंका नाही. पण उघडताना एक ठरलेली पद्धत नव्हती. काही जिल्ह्यांत बाजार सुरू, शेजारच्या जिल्ह्यात बंद, आणि मधल्या काळात खेडोपाडी दारात येणाऱ्या हेड्यांनी सांगेल तो भाव दिला. बाजार कोणत्या टप्प्यांत उघडतील, लस घेतलेल्या आणि बिल्ला असलेल्या जनावरांना आधी वाट कशी मिळेल, हे पुढची साथ येण्याआधी लिहून ठेवा आणि ते कर्नाटक व तेलंगणाच्या पशुसंवर्धन खात्यांशी बोलून लिहा. माशी आणि गोचीड राज्याची हद्द पाहत नाहीत.

सुरुवात सगळीकडे एकदम करा असं आम्ही म्हणत नाही. ऊसतोडीच्या हंगामाआधी, पावसाळा सरताना बीड आणि अहिल्यानगरकडचे तोडकरी उचल घेऊन गाडीसाठी बैल खरेदी करतात. हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये तीच जोडी बरेच जण विकतात. हे तोडकरी बेळगाव, बागलकोटपर्यंतच्या कारखान्यांवर जातात, म्हणजे एकाच वर्षात तेच बैल दोनदा बाजारात आणि दोनदा सीमेवर दिसतात. नवी पावती, दात आणि मापाची नोंद, पहाटेचं टेबल आणि दोन भाषांतला दाखला यांची परीक्षा घ्यायला याहून चांगली जनावरं सापडणार नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला त्यांचे क्रमांक नोंदवा आणि उन्हाळ्यात तेच क्रमांक परत आले की भाव, वजन आणि नाक्यावर गेलेले तास ताडून पाहा.

त्यासाठी पावती पुस्तकं ऑगस्टमध्ये छापून झाली पाहिजेत. नव्या पावतीवर हे रकाने असावेत: बिल्ला क्रमांक, दात, वेत आणि दूध, घेर व लांबी किंवा काट्यावरचं वजन आणि वेळ, लसीची तारीख, खरी किंमत, विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा तालुका, गाडी क्रमांक. पावतीच्या तीन प्रती काढाव्यात आणि तिसरी गाडीसोबत जावी. आत्ताच्या पावतीपेक्षा ती चार बोटं लांब होईल.

आपले,
जनावरांच्या बाजारात रोज काम करणारे पशुपालक, व्यापारी, गाडीवाले आणि पशुवैद्यक